घरातल्या शाळा, गावच्या सुइणी

अफगाणिस्तानात मुलींना सहावीपर्यंतच शाळेत जाता येते. सप्टेंबर २०२१ मध्ये तालिबानच्या सरकारने माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलांसाठी. मुलींच्या माध्यमिक शाळांचे कुलूप आजही निघालेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठांत जाण्यास बंदी झाली, त्याच महिन्यात स्वयंसेवी संस्थांतल्या स्त्रियांना कामावर येण्यास मनाई झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुईण किंवा परिचारिका होण्याचे शिक्षणही थांबले. तरीही त्या देशात मोठ्या मुली शिकत आहेत. कुणी शेजारणीच्या खोलीत बसून शिकते, कुणी रेडिओला कान लावून, कुणी मोबाइलवर. हे शिक्षण कोणत्याही सरकारने सुरू केलेले नाही. ते तिथल्या स्त्रियांनी आणि त्यांना साथ देणाऱ्या पुरुषांनी स्वतःच्या जोखमीवर उभे केले आहे. अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आलेली नाही, त्यामुळे हे काम कसे करायचे याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे.

अफगाण स्त्रियांच्या स्थितीत बदल घडवण्याचे मोठे प्रयत्न शतकभरात अनेकदा वरून झाले. राजा अमानुल्ला आणि राणी सुरैया यांच्या काळात, १९२१ मध्ये, काबूलमध्ये मुलींची ‘मस्तुरात’ शाळा निघाली. १९२८ मध्ये काही मुलींना शिक्षणासाठी तुर्कस्तानला पाठवण्यात आले. पण राजाच्या सुधारणा टोळीप्रमुखांना आणि मुल्लांना विश्वासात घेऊन केलेल्या नव्हत्या. बंड झाले, जानेवारी १९२९ मध्ये अमानुल्लाला गादी सोडावी लागली आणि मुलींची शाळा बंद पडली. एप्रिल १९७८ मध्ये सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांनी वधूमूल्यावर मर्यादा घातली, बालविवाहाला बंदी केली आणि बायकांना साक्षरतेच्या वर्गांत बसवायला सुरुवात केली. हेतू चांगले होते, पण गावात बंदूकधारी सोबत घेऊन साक्षरता नेता येत नाही. खेड्यापाड्यांत उठाव सुरू झाले आणि सोव्हिएत फौजा आल्यावर त्यांचे दीर्घ युद्ध झाले. मुलीची शाळा म्हणजे काबूलवाल्यांचे, परक्यांचे, धर्म न मानणाऱ्यांचे काम, हा समज या घटनांनी घट्ट केला. पुढे ज्या ज्या स्त्रियांनी तळातून काम केले, त्यांना आधी हा समज खोडून काढावा लागला.

१९७७ मध्ये काबूल विद्यापीठात शिकणाऱ्या मीना केशवर कमाल या विशीतल्या तरुणीने ‘रावा’ ही अफगाण स्त्रियांची क्रांतिकारी संघटना स्थापन केली. सोव्हिएत आक्रमण आणि त्याविरुद्ध लढणारे कडवे धर्मवादी गट या दोघांनाही तिने विरोध केला. दोन्हींकडून शत्रुत्व ओढवून घेणारी भूमिका होती ती. १९८१ मध्ये ‘पयाम-ए-जन’ हे नियतकालिक निघाले. पाकिस्तानातल्या क्वेट्टा शहरात निर्वासितांच्या मुलांसाठी शाळा, बायकांसाठी हस्तकलेची केंद्रे आणि एक रुग्णालय उभे राहिले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी क्वेट्टामध्ये मीनाची हत्या झाली. संघटना मात्र मोडली नाही, कारण ती छोट्या छोट्या गुप्त गटांत विभागलेली होती आणि सदस्यांना एकमेकींची खरी नावेही ठाऊक नसत. तालिबानच्या पहिल्या राजवटीत, १९९९ मध्ये, काबूलच्या गाझी स्टेडियमवर एका स्त्रीला जाहीरपणे गोळी घालून देहदंड देण्यात आला. त्याचे चित्रीकरण ‘रावा’च्या कार्यकर्त्यांनी बुरख्याखाली लपवलेल्या कॅमेऱ्याने केले. जगाने ती राजवट डोळ्यांनी पाहिली ती या बायकांमुळे.

याच निर्वासितांच्या वस्त्यांतून आणखी दोन स्त्रियांचे काम उभे राहिले. सीमा समर या गझनी प्रांतातल्या जाघोरीच्या, हजारा समाजातल्या डॉक्टर. कम्युनिस्ट राजवटीत त्यांच्या पतीला पकडून नेले आणि ते परतले नाहीत. १९८९ मध्ये त्यांनी क्वेट्टामध्ये ‘शुहदा’ ही संस्था काढली. तिथे निर्वासित बायकांसाठी रुग्णालय चालवले आणि पुढे मध्य अफगाणिस्तानात दवाखाने व मुलींच्या शाळा सुरू केल्या. १९९४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तालिबान गेल्यावर देशाच्या पहिल्या स्त्री-व्यवहार मंत्री त्याच झाल्या.

दुसऱ्या सकीना याकूबी. हेरातमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकून तिथेच अध्यापन करणाऱ्या याकूबी १९९० च्या दशकाच्या आरंभी पेशावरजवळच्या निर्वासित छावण्यांत आल्या. छावणीत मुलींची शाळा काढायची तर सुरुवात कुठून करायची? त्यांनी एका वृद्ध मुल्लाशी बोलणी केली, त्याला शिक्षक व्हायला राजी केले आणि त्याच्याच तंबूच्या आसऱ्याने वर्ग भरवला. मुल्लाच शिकवतो म्हटल्यावर कुणाची हरकत उरली नाही. १९९५ मध्ये त्यांनी ‘अफगाण इन्स्टिट्यूट ऑफ लर्निंग’ स्थापन केली. या संस्थेचा नियम असा, की वस्तीतल्या लोकांनी मागणी केल्याशिवाय केंद्र काढायचे नाही, आणि मागणी करणाऱ्यांनी जागा, श्रम किंवा वस्तू यांपैकी काहीतरी आपल्या पदरचे घालायचे. हा नियम पैसा वाचवण्यासाठी नव्हता. ज्या शाळेसाठी गावाने स्वतःची खोली दिलेली असते, तिच्या रक्षणाला गाव उभे राहते. तालिबानच्या पहिल्या राजवटीत या संस्थेने देशात ८० गुप्त घरशाळांना आधार दिला आणि त्यांत सुमारे ३,००० मुली शिकल्या.

तालिबानने २७ सप्टेंबर १९९६ रोजी काबूल घेतले. मुलींच्या शाळा बंद झाल्या, बायकांच्या नोकऱ्या गेल्या, महरम म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक सोबत असल्याशिवाय घराबाहेर पडणे धोक्याचे झाले. घराघरांत शाळा सुरू झाल्या त्या तेव्हा. नोकरी गेलेल्या शिक्षिकेकडे वेळ होता आणि विद्याही होती. शबाना बासिज-रासिख सहा वर्षांची असताना तिला मुलाचे कपडे घालून मोठ्या बहिणीबरोबर अशा शाळेत पाठवले जाई, कारण मोठ्या बहिणीला एकटीने रस्त्यावर जाता येत नव्हते. दोघी दरवेळी वेगळ्या रस्त्याने जात आणि पुस्तके बाजाराच्या पिशवीत झाकून नेत. एका घराच्या बैठकीच्या खोलीत शंभरावर मुली दाटीवाटीने बसत. तालिबानला संशय आला आहे अशी कुणकुण लागली की शाळा आठवडाभर बंद राही. शबानाने पुढे ‘सोला’ ही मुलींची निवासी शाळा काबूलमध्ये उभी केली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर तिने विद्यार्थिनींच्या कुटुंबांवर संकट येऊ नये म्हणून शाळेचे सगळे दप्तर जाळले आणि विद्यार्थिनी व कर्मचारी यांना घेऊन ती रवांडात गेली. शाळा आता तिथे भरते.

हेरात हे कवींचे आणि विद्वानांचे जुने शहर. तालिबानने ते काबूलच्या आधी, सप्टेंबर १९९५ मध्येच घेतले होते. शिवणकाम हे बायकांना परवानगी असलेल्या मोजक्या उद्योगांपैकी एक होते, म्हणून तिथल्या काही लेखिकांनी ‘सोनेरी सुई’ नावाचा शिवणवर्ग काढला. वर्ग आठवड्यातून तीन दिवस, सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी भरे. बुरख्यातल्या बायका हातात पिशव्या घेऊन येत. पिशवीत वर कापड आणि कात्री असे, खाली वही आणि पेन. आत गेल्यावर बुरखे उतरत आणि हेरात विद्यापीठाचे प्राध्यापक महंमद अली रहयाब साहित्य शिकवायला बसत. शेक्सपियर, जॉइस, दोस्तोयेव्हस्की यांच्यावर चर्चा होत, स्वतःच्या कवितांवरही होत. बाहेर अंगणात मुले खेळत असत आणि त्यांचे लक्ष रस्त्यावर असे. धर्मरक्षक पोलीस दिसला की मुलगा आत सावध करी, प्राध्यापक आतल्या खोलीत जात आणि वह्या झाकून बायका शिवण हाती घेत. पकडले गेले असते तर तुरुंग नक्की होता, कदाचित फाशीही.

याच वर्गात नादिया अंजुमन शिकली. तालिबान पडल्यावर तिने हेरात विद्यापीठात प्रवेश घेतला, २००५ मध्ये तिचा पहिला कवितासंग्रह निघाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, ऐन पंचविशीत, नवऱ्याने केलेल्या मारहाणीनंतर तिचा मृत्यू झाला. तेव्हा देशात तालिबानचे राज्य नव्हते आणि समान हक्क देणारी राज्यघटना लागू होऊन जवळजवळ दोन वर्षे झाली होती. अफगाण स्त्रीवरचा जुलूम तालिबानपाशी सुरू होऊन तालिबानपाशीच संपतो असे मानणाऱ्यांनी हा मृत्यू विसरू नये.

तालिबानची पहिली राजवट पडल्यापासून ते परत येईपर्यंत, २००१ ते २०२१ या वीस वर्षांत, बरेच काही झाले. २००४ च्या राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या २४९ पैकी ६८ जागा स्त्रियांसाठी राखल्या. २००९ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. युनेस्कोच्या आकडेवारीप्रमाणे प्राथमिक शाळेतल्या मुलींची संख्या २००१ मध्ये जवळजवळ शून्य होती, ती २०१८ मध्ये २५ लाखांवर गेली. उच्च शिक्षणातल्या मुली सुमारे ५,००० होत्या, त्या एक लाखाच्या पुढे गेल्या. परदेशी पैसा आणि परदेशी फौजा यांच्या आधाराने हे घडले हे खरेच आहे. पण या आकड्यांच्या आत शिरून पाहिले तर गावाच्या पातळीवर झालेले काही प्रयोग वेगळे उठून दिसतात.

पहिला प्रयोग शाळेच्या अंतराचा. घोर हा देशाच्या मध्यातला डोंगराळ, गरीब प्रांत. तिथे मुलगी शाळेत का जात नाही या प्रश्नाला परंपरा, धर्म अशी उत्तरे तयार असत. २००७ मध्ये तिथल्या ३१ गावांत एक अभ्यास झाला. काही गावांत गावातच, मशिदीत किंवा कुणाच्या घरी वर्ग भरवला गेला. शिक्षक त्या परिसरातलाच होता आणि पुस्तके सरकारी होती. इतर गावांतल्या मुलांना नेहमीसारखे दूरच्या शाळेत जावे लागत होते. ज्या गावांत वर्ग भरला तिथे शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ५२ टक्के अंकांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्या पटसंख्येतला फरक जवळपास नाहीसा झाला. अंतर एक मैलाने वाढले की पटसंख्या १६ अंकांनी घसरते, असेही दिसले. बापाचा विरोध शाळेला कमी आणि रस्त्याला जास्त होता. तीन मैल डोंगरातून, बंदुका फिरत असलेल्या मुलखातून आठ वर्षांची पोर पाठवायची नाही, हा विचार कोणताही बाप करील.

दुसरा प्रयोग सुइणींचा, आणि या साऱ्या काळातले सर्वांत मोलाचे काम कोणते असे विचारले तर हेच सांगावे लागेल. २००२ मध्ये अफगाणिस्तानात एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० मातांचे मृत्यू होत. बदख्शान प्रांतातल्या राघ जिल्ह्यात तर हा आकडा ६,५०० च्या आसपास निघाला. इतका मोठा आकडा जगात कुठे नोंदला गेला नव्हता. बर्फात वाट बंद, दवाखाना कित्येक दिवसांच्या अंतरावर, आणि पुरुष डॉक्टरला दाखवायला घरचे तयार नाहीत. बाळंतीण अडली की मरणाची वाट पाहण्यापलीकडे हाती काही नसे. साऱ्या देशात तेव्हा प्रशिक्षित सुइणी होत्या ४६७. काबूलमध्ये शिकलेली सुईण राघला जाऊन राहणार नव्हती, म्हणून राघसारख्या गावातलीच मुलगी निवडून तिला शिकवायचे ठरले.

निवड गावाच्या शूराने, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने करायची. मुलगी थोडीबहुत शिकलेली हवी आणि शिकून झाल्यावर ती गावात परत येऊन काम करील, असा शब्द घरच्यांनी द्यायचा. प्रशिक्षण आधी दीड वर्षाचे होते, पुढे दोन वर्षांचे झाले. वसतिगृह फक्त स्त्रियांचे होते. अनेक जणी लेकुरवाळ्या असत, म्हणून तिथेच पाळणाघर असे आणि तास संपला की आई बाळाला पाजून पुन्हा वर्गात येई. या व्यवस्थेत खरी किल्ली गावाचा शब्द ही होती. शूराने पाठवलेल्या मुलीला कुणी अडवत नसे आणि परत आल्यावर तिच्या हाताला गावाचा मान मिळे. रात्री-अपरात्री तिला बोलावणे आले की नवरा किंवा दीर कंदील घेऊन सोबत जाई. घराबाहेर पडणारी, पगार मिळवणारी आणि पुरुषांशी कामापुरते बोलणारी स्त्री गावाने पहिल्यांदा पाहिली ती अशी. २००५ मध्ये सुइणींनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली, दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या काही हजारांवर गेली आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२० पर्यंत मातामृत्यूचे प्रमाण ६२० पर्यंत खाली आले. हा आकडाही भयंकरच आहे, पण या घसरणीमागे हजारो वाचलेल्या आया आहेत.

मारहाणीतून किंवा जबरदस्तीच्या लग्नातून पळालेल्या बायकांसाठी आसरागृहे चालवणे हे त्याहून कठीण काम होते. अफगाण समाजात घर सोडून गेलेल्या बाईला परत जागा नसते. आसरागृहातल्या कार्यकर्त्या वकील देत, घरच्यांशी बोलणी करत आणि शक्य असेल तिथे हमीपत्रावर बाईला घरी पाठवत. ही गृहे म्हणजे अनीतीचे अड्डे, अशी बदनामी सतत चाले. २०११ मध्ये सरकारनेच ती आपल्या ताब्यात घेण्याचा घाट घातला होता, पण अफगाण स्त्रियांनी आवाज उठवल्यावर तो बेत मागे पडला. २०२१ पूर्वी सरकारमान्य अशी २३ केंद्रे होती. आज एकही नाही. काही पीडित स्त्रियांना ‘संरक्षणासाठी’ तुरुंगात ठेवले जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नोंदले आहे.

कमाईचे काम जास्त करून घरात बसून होणारे होते. कंदाहारचे ‘खामक’ हे भरतकाम कापडाचे उभे-आडवे धागे मोजून, रेशमी दोऱ्याने, बिनछापाचे करतात. नवऱ्या मुलाच्या सदऱ्याची छाती भरायला महिनोन्‌महिने लागतात. रंगिना हमिदी यांनी २००३ पासून कंदाहारमध्ये अशा बायकांना काम देणारा उद्योग उभारला. कापड आणि रेशीम घरी पोहोचवायचे, तयार काम घरून आणायचे आणि पैसे बाईच्याच हातात द्यायचे, अशी पद्धत ठेवली. बाहेर जाण्याचा प्रश्नच नसल्याने घरच्यांचा विरोध कमी झाला. हेरात प्रांतात बायका केशराच्या फुलांच्या तोडणीला आणि तंतू खुडण्याला लागल्या. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुले लागतात, ऊन चढण्याआधी ती तोडावी लागतात, आणि हे काम बायकांच्या बोटांवरच चालते. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेनेही भारत सरकारच्या साहाय्याने काबूलच्या बाग-ए-जनाना या स्त्रियांच्या बागेत युद्धविधवांसाठी शिवण, रोपवाटिका आणि खाद्यप्रक्रिया यांचे प्रशिक्षण सुरू केले. आपल्याकडच्या बचत गटातल्या कुणालाही ही रीत ओळखीची वाटेल.

याउलट मोठा पैसा कुठे गेला हेही पाहायला हवे. अमेरिकेने २०१४ मध्ये ‘प्रमोट’ नावाची योजना सुरू केली. तिची रक्कम २१.६ कोटी डॉलर होती आणि लक्ष्य ७५,००० शिकलेल्या अफगाण तरुणींना नेतृत्वपदांवर नेण्याचे होते. अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये सांगितले, की तीन वर्षांनंतरही या योजनेचा ठोस लाभ दाखवता येत नाही. कंत्राटदार बाहेरचे, कार्यालये काबूलमध्ये आणि गावाला कुणी विचारलेले नाही, असे काम दुसरा कोणता निकाल देणार? शिवाय ज्या हेल्मंद, वर्दक, कुंदूझ यांसारख्या प्रांतांत लढाई चालू होती, तिथल्या बायकांना संसदेतल्या राखीव जागांपेक्षा रात्रीचे छापे आणि हवाई हल्ले थांबणे जास्त निकडीचे होते. २०२१ नंतर लढाई थांबल्यावर काही ग्रामीण भागांत प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचणे सोपे झाले, हे तालिबानच्या कडव्या टीकाकारांनीही मान्य करावे. त्याने सहावीनंतरच्या बंदीचे समर्थन मात्र होत नाही.

गावाला विचारण्याचे काम पुरुषांनीही केले. कंदाहारचे मतिउल्ला वेसा यांनी २००९ मध्ये ‘पेन पाथ’ ही स्वयंसेवकांची संस्था सुरू केली. मोटारसायकलवर पुस्तके लादून ते दुर्गम गावांत जात, वडीलधाऱ्यांबरोबर चहा घेत, युद्धात बंद पडलेली शाळा उघडण्याविषयी बोलत आणि मुलींना शिकवणे इस्लामच्या विरोधात नाही हे त्यांच्याच पश्तो भाषेत पटवून देत. २०२१ नंतरही त्यांनी हे थांबवले नाही. २७ मार्च २०२३ रोजी काबूलमध्ये त्यांना अटक झाली आणि सात महिन्यांनी सुटका झाली. त्याआधी इस्माईल मशाल या प्राध्यापकांनी मुलींवरच्या विद्यापीठबंदीचा निषेध म्हणून दूरचित्रवाणीवर आपली पदवी प्रमाणपत्रे फाडली होती. नंतर हातगाडीवरून रस्त्यावर पुस्तके वाटताना त्यांनाही पकडण्यात आले.

ऑगस्ट २०२१ नंतरचे पहिले उत्तर रस्त्यावरचे होते. ‘नान, कार, आजादी’, म्हणजे भाकरी, काम, स्वातंत्र्य, अशी घोषणा देत काबूल आणि हेरातमध्ये बायका मोर्चे काढू लागल्या. चाबूक, हवेतला गोळीबार, मिरचीचा फवारा आणि २०२२ च्या जानेवारीपासून रात्री घरातून उचलून नेणे, या मार्गांनी हे मोर्चे मोडले गेले. बंधने वाढत गेली. मे २०२२ मध्ये चेहरा झाकण्याचा आदेश आला, नोव्हेंबरात उद्याने आणि व्यायामशाळा बंद झाल्या, जुलै २०२३ मध्ये ब्युटी पार्लर बंद झाली. पार्लर बंद होण्याने उद्योजक स्त्रियांच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ६०,००० बायकांचा रोजगार गेला आणि बायकांनी एकमेकींना निवांत भेटण्याची उरलेली एक जागाही गेली. ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने स्त्रीचा आवाजही झाकण्याची गोष्ट ठरवली. त्यावर अनेक जणींनी घरात, चेहरा झाकून गाणे म्हटले आणि ते मोबाइलवर टिपून जगाला ऐकवले.

आजचे बहुतेक काम पुन्हा घरात गेले आहे. गुप्त वर्ग लहान असतात, मुली एकेकट्या आणि वेगवेगळ्या वेळी येतात, पिशवीत वर कुराण किंवा शिवणाचे कापड असते आणि काही दिवसांनी जागा बदलली जाते. काही मदरशांत धार्मिक शिक्षणासोबत गणित आणि इंग्रजीही शिकवले जाते. ‘रेडिओ बेगम’ हे ८ मार्च २०२१ रोजी हमिदा अमान यांनी काबूलमध्ये सुरू केलेले केंद्र शाळेचा अभ्यासक्रम दारी आणि पश्तो या दोन्ही भाषांत रोज काही तास ऐकवते. त्यावर बायका दूरध्वनीवरून डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्न विचारतात. २०२४ च्या मार्चपासून पॅरिसहून ‘बेगम टीव्ही’ हे उपग्रह वाहिनीचे रूपही आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेडिओ केंद्रावर छापा पडला, प्रसारण थांबले आणि काही आठवड्यांत ते पुन्हा सुरू झाले. परदेशी गेलेल्या अफगाण शिक्षिकांनी ‘हेरात ऑनलाइन स्कूल’सारख्या शाळा काढल्या. झहरा जोया यांची ‘रुखशाना मीडिया’ ही वृत्तसंस्था आतल्या स्त्री वार्ताहरांच्या बातम्या बाहेर आणते. घोरमध्ये २०१५ साली दगडांनी ठेचून मारलेल्या एका तरुणीचे नाव या संस्थेला दिले आहे.

या कामाच्या मर्यादा लपवून कुणाचे भले होणार नाही. वीज आणि इंटरनेट शहरांत बरे आहे, गावात तुटपुंजे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने साऱ्या देशाचे इंटरनेट सुमारे दोन दिवस बंद केले, तेव्हा ऑनलाइन वर्ग एका झटक्यात थांबले. घरशाळेतून मिळालेल्या विद्येला प्रमाणपत्र नसते. भाषा, गणित, साहित्य खोलीत बसून शिकता येते, पण बाळंतपण करायला खोलीत शिकता येत नाही, त्यासाठी रुग्णालय लागते. म्हणूनच डिसेंबर २०२४ ची सुइणींच्या शिक्षणावरची बंदी सर्वांत घातक आहे. आज काम करणाऱ्या सुइणी वयाने निवृत्त होतील किंवा देश सोडतील, आणि त्यांच्या जागी येणारी नवी पिढी तयारच होत नाही. स्त्रीला पुरुष डॉक्टरने तपासू नये असे म्हणणारी सत्ता स्त्री डॉक्टरही घडू देत नाही. या बंदीची किंमत बाळंतिणी जिवाने मोजणार आहेत.

८ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध स्त्रियांच्या छळाच्या आरोपावरून अटक वॉरंट काढले. अफगाण स्त्रियांनी जमवलेल्या साक्षींचा त्यात वाटा आहे. अटक होईल तेव्हा होईल. तोवर बाहेरच्यांच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत: घरशाळेतल्या शिक्षिकेचा पगार, मान्यताप्राप्त परीक्षा, ऑनलाइन पदवी आणि व्हिसा. भारताने २०२३ पासून दोन हजारांवर अफगाण विद्यार्थ्यांना पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी ऑनलाइन शिष्यवृत्त्या दिल्या आणि त्यांत सुमारे ६०० मुली-स्त्रिया आहेत. पुण्यात तर गेली अनेक वर्षे अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत आले आहेत. सावित्रीबाई फुले यांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने आणि महाराष्ट्रातल्या इतर विद्यापीठांनी या मुलींसाठी ऑनलाइन जागा वाढवाव्यात, शुल्क माफ करावे, आणि कागदपत्रे हाती नसलेल्या मुलीला प्रवेश परीक्षेच्या गुणांवर घ्यावे. यासाठी काबूलच्या परवानगीची गरज नाही.